सासुरवाशिणीच्या झऱ्याची शीव

"डोंगर हलत नाही, ओढा वळत नाही आणि गिरामांचा शब्द फिरत नाही," असं सोनाजी गिराम हयातभर छाती ठोकून सांगत आले. टेंभुरदऱ्याच्या शिवारात हे वाक्य पोराटोरांनाही पाठ होतं. पुढं हत्तीडोंगराची सोंड मुरमासाठी खणली गेली आणि गाड्यांत बसून कुरुंद्याच्या सडकेवर जाऊन पडली. सोनाजी वारल्यावरच्या पहिल्याच पुरात ओढ्यानं अंग झटकलं आणि जुनी वाट सोडून तो उगवतीकडून धावू लागला. राहिला गिरामांचा शब्द. तो खरोखरच फिरला नव्हता. पण तो ओढ्याच्या भरवशावर दिलेला होता.

मरताना सोनाजींनी दोन्ही पोरांना जवळ घेऊन सांगितलं होतं, "ओढ्याच्या उगवतीचं माणिकचं, मावळतीचं संतरामचं. ओढा तुमची शीव." वाटणी झाली. बैल वाटले, हंडे वाटले, चूल वेगळी झाली. सगळं इतकं गोडीनं झालं की गावाची निराशा झाली. मग पूर आला आणि गावाची चिंता मिटली.

कारण ओढा सरकला तो नेमका सासुरवाशिणीच्या झऱ्याला वळसा घालून. काल थोरल्या माणिकरावांच्या रानात असलेला झरा आज उठून धाकट्या संतरामच्या रानात जाऊन बसला.

हा झरा गिरामांच्या सुनांच्या आसवांनी लागला, अशी आख्यायिका होती. त्या हिशेबानं सुना बेतानंच रडल्या असाव्यात, कारण वैशाखात त्याची धार करंगळीएवढी होई. पण आटत मात्र कधी नसे, आणि हेही घराण्याला धरूनच होतं. त्या करंगळीवर माणिकरावांची हळद उभी होती. झरा गेला तर हळद गेली, आणि हळद गेली तर उरलेल्या रानात ज्वारीशिवाय काही डोकं वर काढत नव्हतं. उलट संतरामनं आपल्या रानात दोनदा विहीर खणून पाहिली होती. पहिल्यांदा मुरूम लागला. दुसऱ्यांदा पहिल्या विहिरीतला मुरूम लागला. त्याला झरा म्हणजे देवानं पुरासोबत धाडलेला निरोप वाटत होता. ओढा मुळात असाच वाहायचा, तो आता घरी परतला, असं तो सांगत सुटला.

तालुक्याच्या कचेरीत गेलं असतं तर निकाल नातवंडांनी ऐकला असता. म्हणून निजामी फसली सन तेराशे शेहेचाळीसच्या फाल्गुनात, होळीची राख अजून गार होत होती तेव्हा, गावानं जुना रिवाज उकरून काढला: शीव चालायची. ज्याला जुनी शीव ठाऊक आहे त्यानं दोन्ही रानांची माती डोक्यावर घ्यायची आणि मुक्यानं शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. मधेच बोलला तर शीव मोडली, मग कचेरी आहेच.

ओढ्याची मूळची वाट ठाऊक असलेलं माणूस आता एकच उरलं होतं. सोनाजींची धाकटी बहीण शकुबाई. लहानपणी ती त्या ओढ्याकाठी म्हशी राखायची. दोघा भावांची आत्या. जवळा बाजार गावात दिलेली. खोटं बोलणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. बोलणार नाही याची कोणालाच नव्हती.

म्हसोबाच्या दगडापाशी सकाळीच गाव जमलं. बंडोपंत कुलकर्ण्यांनी उपरणं सावरून नियम सांगितले.

"मातीची पाटी डोईवर. पाय अनवाणी. तोंड बंद."

"बंद म्हंजी कितपत, पंत?" शकुआत्यानं विचारलं.

"पुरतं बंद."

"खोकला आला तर?"

"खोकावं. पण खोकल्यात शब्द नको."

"आन् जांभई आल्यावर इठ्ठल म्हनलेलं चालतं का?"

"देवाचं नावसुद्धा नाही, शकुबाई. म्हसोबापासून त्या दुतोंडी बाभळीपर्यंत एक अक्षर नाही. बोललात तर माती साक्ष देणार नाही."

आत्याचा नवरा ग्यानबा, ज्याला दोघे भाऊ मामा म्हणत, गाडीच्या जुवावर बसून हे ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "पंत, काम झाल्यावर ती पाटी फेकून देऊ नका. आमी घरी नेतो."

"नेतो म्हनं!" आत्या त्याच्याकडं वळली. "अवो, तुमच्या घरात मी बोलते म्हून चूल पेटती. तुमचं बोलनं म्हंजी वर्साकाठी एक होकार, आन् त्योबी—"

"पाटी," पंत म्हणाले.

संतराम आणि माणिकरावांनी मिळून पाटी उचलली. ओली माती, वर हळदकुंकू. ती आत्याच्या डोक्यावर टेकली आणि तिचं वाक्य जिथं होतं तिथंच राहिलं. ग्यानबामामानं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं. बाभळीत कुठंतरी होला पक्षी घुमत होता. जवळा बाजारलाही होले असतील, असा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला.

माणिकराव निर्धास्त होते. त्यांचं लग्न आत्यानं जुळवलं होतं, आणि स्वतः जुळवलेली गोष्ट ती बुडू देणार नाही असा त्यांचा हिशेब होता. शिवाय काल त्यांनी तिला हिरवं इरकली लुगडं नेसवलं होतं. आत्या त्यावर एवढंच म्हणाली होती, "कशाला रे बाबा," आणि पदराचा काठ उलटून पाहिला होता.

संतरामही निर्धास्त होता. आई गेली तेव्हा तो रांगत होता, आणि वर्षभर आत्यानंच त्याला कडेवर वागवला होता. शिवाय काल त्यानं तिला हत्तीडोंगराच्या कपारीतला मध काढून दिला होता. तिनं बोट बुडवून चाखला होता आणि "कशाला रे बाबा" म्हटलं होतं.

नाही म्हणणं आत्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याला फार थोडे शब्द लागतात.

आत्या निघाली. मागं पंत, त्यांच्यामागं दोघे भाऊ एकमेकांपासून काठीभर अंतर राखून, त्यांच्यामागं दोन्ही जावा. थोरली सुमनबाई आणि धाकटी आशाबाई दिवाळीपासून बोलत नव्हत्या. झऱ्यावर एकीची घागर भरेपर्यंत दुसरी पाठ करून उभी राही. मग गाव, आणि गावामागं ग्यानबामामाची गाडी.

पहिला टप्पा जांभळीच्या बेटाचा. या बेटात जांभूळ एकच होतं, बाकी बाभळी. पण बाभळीचं बेट म्हटल्यावर कोण पाहायला जातं? इथवर वादच नव्हता. बेटाला पाठ देऊन आत्या क्षणभर थांबली आणि मावळतीला वळली. सरळ संतरामच्या रानात शिरली.

माणिकरावांनी मिशीवरून हात फिरवला. शीव अशीच मावळतीला गेली तर झरा पुन्हा त्यांचा.

आशाबाई पदर खोचून नवऱ्याशेजारी आली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून नवऱ्याला तिनं कोरड्या विहिरीत उतरताना आणि त्याहून कोरडा होऊन वर येताना पाहिलं होतं. झरा मिळाला तर रानाकडं दोन मिरच्या, चार वांगी दिसतील, एवढंच तिचं स्वप्न. नवऱ्याला कोपर मारून ती कुजबुजली, "अवो, काहीतरी करा. आत्याबाई आपलं रान तुडवून राहिल्या."

"काय करू? पाय धरू का?"

"बोलतं करा त्यास्नी."

संतरामला एवढी खूण पुरे झाली. तो झपाझप आत्याच्या बाजूला गेला आणि वाऱ्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "परवा बाजारात तुझी नणंद भेटली व्हती, आत्या. म्हनली, शकुच्या हातची पुरनपोळी आमी गाईला घालतो. गाय मागं सरती."

पाटी थरारली. आत्याच्या मानेवरची शीर फुगली, ओठ उघडले. तीस वर्षं साठलेली नणंद त्या ओठांपर्यंत येऊन ठेपली. मागून गाडीतून ग्यानबामामाच्या दाबलेल्या हसण्याचा आवाज आला.

"आत्या!" माणिकराव ओरडले. "ऐकू नगस! खोटं हाय ते. गाय सगळं खाती."

आत्यानं डोळे मिटले, नाकानं मोठा श्वास घेतला आणि पुढं पाऊल टाकलं.

"दादा, तुमाला कुनी मधी बोलायला सांगितलं?" संतराम तडकला.

"पंत, ह्यो बेइमानी करून राहिला. आत्यानं बोलायचं न्हाई असं ठरलं व्हतं ना?"

"तिनं बोलायचं नाही असं ठरलंय," पंत म्हणाले. "तिच्याशी बोलायचं नाही असं पूर्वजांनी कुठं सांगितलेलं नाही. त्यांना शकुबाई ठाऊक नव्हत्या."

पुढं भिवाचा खडक. भिवा कोण होता हे कोणालाच सांगता येत नसे. पण तो या खडकावरून पडून मेला याबद्दल गावाचं एकमत होतं. खडक गुडघ्याएवढा होता. तिथं पोचल्यावर आत्यानं खडकाला उजवी घातली आणि एकदम उगवतीला वळली. थेट माणिकरावांच्या वाफ्यांच्या रोखानं.

आता मिशीवरचा हात खाली आला आणि संतराम हसू लागला.

"असं कसं?" माणिकराव पुटपुटले. त्यांनी वळून बायकोकडं पाहिलं. सुमनबाईची नजर आत्याच्या पावलांवर होती. मग ते स्वतःच आत्याशेजारी लगबगीनं चालू लागले. आता मघाची बेइमानी नाव बदलून चौकशी झाली होती.

"आत्या, एक इचारायचं राहिलं बग. तुमच्या शेजारच्या शालूबाईची पोरगी नांदायला जात न्हाई म्हनं. खरं काय? कुनी म्हनतं जावई झिंगतो, कुनी म्हनतं तिलाच दुसरं याड. तुला तर बराबर ठावं आसंल."

हा घाव जबरदस्त होता. नणंदेचा अपमान माणूस गिळू शकतं. पण जवळ्यातली सगळ्यात ताजी, सगळ्यात खरी आणि फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली बातमी पोटात ठेवून चालणं ही तपश्चर्या आहे. आत्याचा चेहरा लाल झाला. तिनं हातानं दोन खुणा केल्या. पहिली जावयाबद्दल होती हे सगळ्यांना कळलं. दुसरीचा अर्थ कळून पंतांनी उपरण्यात तोंड लपवलं.

"खुना चालतात का, पंत?" संतराम ओरडला.

"आवाज नाही ना? मग चालतात," पंत म्हणाले. "पण शकुबाई, दुसरी खूण पुन्हा करू नका."

पाटीखाली शकुआत्याचं डोकं मात्र दुसऱ्याच गोष्टीत होतं. वाट पायांना आपोआप आठवत होती. इथं म्हैस बसायची, इथं सोनूदादानं आपल्याला पाण्यात ढकललं होतं, इथं आपण रडलो आणि त्यानं चिंचा देऊन गप्प केलं. तेव्हाही गप्प करायला चिंचा लागत. समोर आता झऱ्याची ओल दिसू लागली होती आणि तिनं पावलं आखूड केली होती. कारण कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट तिला ठाऊक होती.

ओढा झऱ्यापाशी आला की फुटायचा. एक फाटा झऱ्याच्या मावळतीनं, एक उगवतीनं, आणि खाली बाभळीपाशी दोन्ही पुन्हा एक. एका साली या फाट्याला पाणी जास्त, दुसऱ्या साली त्या. सोनूदादा पोरांना शब्द देऊन बसला तेव्हा उगवतीचा फाटा गाळानं बुजला होता, एवढंच. मावळतीनं चाललं तर झरा माणिकचा. उगवतीनं चाललं तर झरा संतरामचा. दोन्ही वाटा खऱ्या. आणि डोक्यावर माती असताना एकच वाट दाखवायची म्हणजे अर्धं खोटं बोलायचं, तेही तोंड न उघडता. हिरवं लुगडं अंगावर होतं. मधाची चव अजून जिभेला होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, बोलायला बंदी आहे ते बरं आहे.

झरा आला. गाव थांबलं. माणिकराव मावळतीच्या काठावर जाऊन उभे राहिले, संतराम उगवतीच्या. जणू आत्या म्हणजे वाट चुकलेली म्हैस होती आणि दोघंही तिला आपापल्या गोठ्याकडं वळवायला टपले होते.

"इकडून, आत्या," माणिकराव म्हणाले. "आसाच व्हता ओढा. मी डोळ्यांनी बगितला."

"इकडून, आत्या," संतराम म्हणाला. "आता जातोय तसाच पैले जात व्हता. आठव."

आत्यानं दोघांकडं पाहिलं. मग लुगडं पोटऱ्यांवर खोचलं आणि सरळ झऱ्याच्या पाण्यात पाय घातला.

कुणी हललं नाही. पाणी घोट्याच्या वर चढलं, गुडघ्याशी आलं. मधोमध जाऊन ती उभी राहिली.

आणि उभीच राहिली.

पाटीतून मातीचं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. डोळे मिटलेले. उजवा पाय तळातल्या वाळूत हळूहळू फिरत होता. इकडं अर्धा वळसा, तिकडं अर्धा.

"मोजमाप चाललंय," पंत दबल्या आवाजात म्हणाले. "पायानं जुनी शीव शोधताहेत. असं मी वडिलांकडून ऐकलं होतं. पाहिलं आज."

आधी संतराम अस्वस्थ झाला. मग माणिकराव. आत्याला बोलतं करायला दोघांनीही तोंड उघडलं, पण नणंद आणि शालूबाईची पोरगी दोन्ही संपल्या होत्या. माणिकरावांनी शेवटचं हत्यार काढलं. त्यांनी पाण्यात बोट दाखवून ओरडायला श्वास भरला. पाण्यात सर्प आहे म्हटल्यावर कोण गप्प राहील?

शब्द बाहेर पडायच्या आत त्यांच्या दंडाला चिमटा बसला. सुमनबाई.

"खबरदार! म्हाताऱ्या माणसाला पान्यात भेवडायचं? पडल्या म्हंजी?"

पलीकडच्या काठावर आशाबाईनंही नवऱ्याच्या सदऱ्याला हात घातला होता. "तुमीबी गप बसा. लई झालं. आक्का बराबर बोलून राहिल्या."

दोन्ही जावांची नजर झऱ्यावरून एकमेकींवर पडली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"मान बग किती हालायली त्यांची," सुमनबाई म्हणाली.

"व्हय ना आक्का. आन् तळाला समदं शेवाळ. सकाळीच माजा पाय घसरला हुता."

"त्या चपट्या दगडापाशी का? माजाबी."

मग त्या दोघींनी आपापल्या नवऱ्यांकडं असं पाहिलं की पुढचं गिरामांना सांगावं लागलं नाही. माणिकराव धोतर वर करून पाण्यात उतरले. पलीकडून संतराम उतरला. आत्याला हात लावायचा नव्हता. माती बाटली असती. म्हणून दोघांनी तिच्या दोन्ही बाजूंनी, अंगापासून वीतभर दूर, हात पसरले. पडलीच तर झेलायची.

असे ते दोघे उभे राहिले. चूल वेगळी झाल्यापासून इतके जवळ ते कधी आले नव्हते. पाणी दोघांच्याही गुडघ्यांना तितकंच गार होतं.

"दादा, तुमी जरा मागून धरा. इकडं मी हाय."

"तुजा पाय कुटं हाय? तिथं खड्डा हाय. बापानं तिथंच घागरीसाठी दगड मांडला व्हता."

"ह्यो का?"

"त्योच. तूच त्यावर बसून लंगोटी धुवायचास."

"लंगोटी तुमची व्हती, दादा. धुवायला मला लावायचे."

माणिकराव हसले. ते गालात हसले, पण गावानं पाहिलं. काठावर आशाबाईनं डोळ्याला पदर लावला. झऱ्याच्या आख्यायिकेत तेवढीच भर.

"दादा," संतराम खाली पाहत म्हणाला, "हळदीला किती पानी लागतं वो? म्हंजी येक रात भरलं, येक रात सोडलं तर?"

माणिकरावांनी धोतर आणखी वर खोचलं. हळदीच्या वाफ्यांकडं पाहिलं, भावाच्या कोरड्या रानाकडं पाहिलं. "भागंल," ते म्हणाले. "वैशाखात वढ बसंल. पर भागंल."

तेवढ्यात आत्यानं डोळे उघडले. तिनं एक लांब सुस्कारा सोडला, हार मानल्यासारखा, आणि ना उगवतीला, ना मावळतीला, सरळ नाकासमोर चालत झऱ्यातून बाहेर पडली. दुतोंडी बाभळीपाशी जाऊन थांबली. ही बाभूळ दोन फांद्यांची होती. वीज पडून एक गेली होती, पण नाव कमी करायला कुणाला वेळ मिळाला नव्हता.

दोघा भावांनी पाटी उतरवली. एकत्रच.

पंतांनी घसा साफ केला. आज बोलायची संधी आहे हे ओळखणारे ते एकटेच होते, कारण आत्यानं अजून सुरुवात केली नव्हती.

"ऐका रे," ते म्हणाले. "शीव झऱ्याच्या पोटातून गेली. पाणी दोघांचं, शीवही दोघांची. ओढा उद्या कुठंही जाईल, ही शीव हलायची नाही. शकुबाई त्या पाण्यात उभ्या राहिल्या ते उगीच नाही. डोळे मिटून त्यांनी सोनाजींचा शब्द आठवला, दोन लेकरांची पोटं तोलली. पायानं वाळू चाळून न्याय केला. अशी बाई या शिवारात पुन्हा होणे नाही!"

गावानं माना डोलावल्या. गावातल्या एका म्हातारीनं पुढं होऊन आत्याच्या पायावर पाणी घातलं. सुमनबाई आणि आशाबाई एकमेकींचा हात धरून वाकल्या. माणिकरावांनी आणि संतरामनं आत्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"बोला आता, शकुबाई," पंत हात जोडून म्हणाले. "तोंड मोकळं आहे तुमचं. काय आज्ञा?"

ग्यानबामामानं गाडीत मांडी सावरली. गाव पुढं झुकलं. आत्यानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, पदरानं कपाळावरचा चिखल पुसला आणि म्हणाली,

"माज्या उजव्या पायातलं जोडवं झऱ्यात गळालंय. केव्हाची चाचपून राहिले, घावंना. तेवढं कुनीतरी काढून देता का?"